जॅझची स्वस्त हॉलोबॉडी घेताना प्लायवूडला नाक मुरडू नका

ॲकॉस्टिक गिटार दोन-चार वर्षं वाजवलेल्या माणसाला एक धडा तोंडपाठ असतो: वरची फळी सॉलिड, म्हणजे एकसंध लाकडाची हवी, प्लायवूड नको. दुकानात शिरल्या शिरल्या तो हेच विचारतो, आणि ॲकॉस्टिकपुरतं ते बरोबरच आहे. पुढे हाच माणूस जो पास किंवा जिम हॉल हे गिटारवादक ऐकून जॅझच्या नादी लागतो. हॉलोबॉडी, म्हणजे मोठ्या पोकळ पोटाची, फळीत एफच्या आकाराच्या दोन फटी (एफ-होल) असलेली गिटार शोधत फिरतो आणि तिथेही 'सॉलिड टॉप आहे ना?' म्हणून विचारतो. दुकानदार 'नाही' म्हणाला की त्याचं तोंड उतरतं. मग एक तर तो ऐपतीबाहेरची महागडी गिटार हप्त्यांवर घेतो, नाहीतर 'सध्या हीच घेऊ, पुढचं पुढे बघू' म्हणत स्वस्तातली घरी आणतो.

स्वस्तातली घरी आणणाऱ्याला मला सांगायचंय की बाबा रे, तू नकळत योग्य तेच केलंस. जॅझ गिटारचा जो आवाज तुझ्या कानात बसलाय, गोल, जाडसर, 'ठुम्' करून उठणारा आणि लगेच खाली बसणारा, तो बऱ्याच अंशी प्लायवूडचाच आहे. जो पास आणि जिम हॉल या दोघांनीही ज्या गिटारवर नाव कमावलं, ती गिब्सनची ईएस-१७५. तिची वरची फळी मेपलच्या पातळ थरांची, चिकटवून दाबलेली. म्हणजे आपण ज्याला प्लाय म्हणतो तीच.

हे असं का झालं, ते कळलं की स्वस्त हॉलोबॉडी निवडणं निम्मं सोपं होतं. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडांत गिटारला कुणी विचारत नव्हतं. ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या गदारोळात तिचा आवाज पोचायचाच नाही, त्यामुळे ताल धरायला बँजो असायचा. १९२२ मध्ये गिब्सननं एल-५ नावाची गिटार काढली. लॉइड लोअर हा वादक आणि ध्वनिशास्त्राचा जाणकार तेव्हा कंपनीत होता. व्हायोलिनचं अंग त्यानं गिटारला जवळजवळ पुरतं चढवलं. वरची फळी स्प्रूसच्या जाड लाकडातून कोरून फुगीर केलेली, मधलं गोल भोक गेलं आणि दोन्ही बाजूंना एफच्या आकाराच्या फटी आल्या. फळीच्या या फुगवट्यामुळे अशा गिटारला आर्चटॉप म्हणतात.

फुगवटा नुसता दिखाऊ नाही. साध्या ॲकॉस्टिकमध्ये तारा फळीवर चिकटवलेल्या ब्रिजलाच अडकवलेल्या असतात आणि फळीला ओढत राहतात. आर्चटॉपमध्ये तारा ब्रिजवरून नुसत्या पुढे जातात आणि गिटारच्या बुडाशी लावलेल्या टेलपीसला अडकतात. ब्रिज फळीला चिकटवलेलाच नसतो. तारांच्या दाबानं तो जागेवर उभा राहतो. फळी ओढली जात नाही, दाबली जाते, आणि दाब पेलायला कमान हवीच. आवाजही त्यामुळे बदलतो. ॲकॉस्टिकचा सूर लांबत जातो, आर्चटॉपचा टणकन येतो आणि ओसरतो. ताल धरायला हा गुण फार उपयोगी. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ साली वारेपर्यंत अशीच गिटार वाजवत होता, तीही अँप (ॲम्प्लिफायर) न लावता, मात्रेमात्रेला एकेक कॉर्ड तोडत. नाचाच्या जॅझचा हा ठेका, स्विंग, मराठी कानाला अगदीच परका नाही. मुंबईच्या हॉटेलांतून वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी तो हिंदी सिनेमात आणला. चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे, ते त्यांतलेच.

मग आली वीज. १९३६ मध्ये गिब्सननं ईएस-१५० काढली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. 'स्पॅनिश' अशासाठी की त्याआधीच्या विजेच्या बहुतेक गिटारी मांडीवर आडव्या ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवून वाजवायच्या हवायन जातीच्या होत्या. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा पोरगा बेनी गुडमनच्या बँडमध्ये ईएस-१५० घेऊन आला आणि गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांब तानी घ्यायला लागला. १९४२ मध्ये तो गेलासुद्धा, पण गिटारवाला मागच्या रांगेतून पुढे आला तो आलाच.

आणि पुढे येताच शिट्टी वाजायला लागली.

गणपतीच्या मांडवात 'हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणत माईकवाला स्पीकरसमोर आला की जी कर्कश किंकाळी उठते, तोच हा प्रकार. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. पोकळ गिटारमध्ये माईकचं काम पोट करतं. अँपमधला आवाज फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, तारांची हालचाल त्यांच्याखाली बसवलेला पिकअप टिपतो आणि अँपकडे धाडतो. फरक इतकाच की गिटारची शिट्टी किंकाळी नसते, ती घों घों करत खालच्या सुरात वाढत जाते, आणि वादकाच्या कानाआधी पोटाला कळते. कोरीव स्प्रूसची फळी हलकी, लवचीक, हवेच्या झुळकीलाही हलणारी, म्हणून शिट्टी तिथे लवकर लागते. जो गुण विजेविना वरदान होता, तोच अँपसमोर डोकेदुखी झाला.

१९४९ मध्ये गिब्सननं ईएस-१७५ काढली. हेतू अगदी व्यापारी होता: एल-५ सारखी दिसणारी, पण परवडणारी गिटार. किंमत १७५ डॉलर, म्हणून नाव १७५. कोरीव फळीला उत्तम लाकूड लागतं, ते वर्षानुवर्षं वाळवावं लागतं, आणि मग कारागिराचे कित्येक तास जातात. त्याऐवजी मेपलचे पातळ थर एकावर एक, रेषा आडव्याउभ्या ठेवून, साच्यात दाबले की झाली कमानदार फळी. ती जास्त कडक, म्हणून कमी हलणारी, म्हणून शिट्टी उशिरा लागणारी. शिवाय तिचा सूर चटकन उठतो आणि चटकन बसतो, त्यामुळे भरभर बदलणाऱ्या कॉर्ड एकमेकींत मिसळत नाहीत. काटकसर करायला गेले आणि नेमका आवाज सापडला. वेस माँटगोमेरीसारखे काही जण कोरीव एल-५ च वाजवत राहिले, तेही खरं, पण त्यांच्या हातात काय आहे याची बरोबरी फळी बदलून होत नसते.

तेव्हा दुकानातला तो पहिला प्रश्न उलटा करा. अँपमधून वाजवणार असाल तर कमी पैशांत प्लायच घ्या. स्वस्तातली 'सॉलिड कोरीव' गिटार घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. द लोअर ही लॉइड लोअरच्या नावावरून निघालेली कंपनी एलएच-६०० नावाची, जुन्या एल-५ च्या धर्तीची कोरीव गिटार बरीच स्वस्तात देते. फ्रेडी ग्रीनसारखं बिनअँपचं वाजवायचं असेल तर ती जरूर बघा. बाकीच्यांनी तिच्या मोहात पडू नये.

आता पोटाविषयी, कारण इथे बरेच जण फसतात. एफ-होल दिसली म्हणजे गिटार पोकळ असतेच असं नाही. १९५८ मध्ये गिब्सननं ईएस-३३५ काढली तेव्हा तिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळाच घातला, मानेपासून बुडापर्यंत. शिट्टीचा बंदोबस्त झाला, सूर लांबायला लागला, ब्लूज आणि रॉकवाले खूश झाले. तिला सेमी-हॉलो म्हणतात. तिच्यावर जॅझ वाजत नाही असं मुळीच नाही, पण 'ठुम्' तिच्यात कमी. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मोबाईलचा टॉर्च लावून एफ-होलमधून आत डोकवा. पलीकडच्या एफ-होलपर्यंत नजर गेली तर पोकळ, मध्ये लाकडाची भिंत आडवी आली तर सेमी.

या दोन्हींच्या मधली एक जात आहे: पातळ पण पूर्ण पोकळ. गिब्सनची ईएस-३३० आणि तिचीच बहीण असलेली एपिफोन कसिनो. बीटल्समुळे कसिनोवर रॉकचा शिक्का बसला, पण ईएस-३३० वर ग्रँट ग्रीननं काय जॅझ वाजवलाय! जाड पोटाची गिटार अंगाला अवजड वाटणाऱ्यांना ही जात बरी. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ईएस-१७५ चं पोट सव्वासोळा इंच रुंद आणि तीन इंचांहून जास्त जाड असतं, एल-५ तर १७ इंच रुंद. सोफ्यावर बसून तासभर वाजवलं की उजवा खांदा वर चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुखतो. ठेंगण्या माणसानं १६ इंचांच्या पुढे जाऊ नये असं मी म्हणेन, आणि घेण्याआधी उभं राहून नव्हे, बसून वाजवून बघावं, कारण घरी आपण बसूनच वाजवतो.

मापातलं आणखी एक: नटपासून (मानेच्या डोक्याकडची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी, तिला स्केल म्हणतात. गिब्सनच्या चालीच्या गिटारींत ती साधारण ६२८ मिलिमीटर असते, फेंडरच्या चालीच्या गिटारींत ६४८. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण जॅझच्या कॉर्डसाठी बोटं चार-पाच फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) पसरावी लागतात तेव्हा तेच दोन सेंटिमीटर जाणवतात. जाड तारांचा ताणही छोट्या स्केलवर जरा सुसह्य होतो.

पिकअपबद्दल थोडक्यात. जुन्या १७५ वर पी-९० नावाचा एका वेटोळ्याचा पिकअप असायचा; १९५७ पासून हंबकर आला. हंबकरमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे विजेच्या तारांतून येणारी गुणगुण आपोआप कापली जाते आणि आवाज गुबगुबीत होतो. पी-९० जास्त उघडा, दाणेदार, मला वैयक्तिक जास्त आवडणारा. पण आपल्या जुन्या इमारतींत अर्थिंगचे जे हाल असतात, ते बघता पी-९० घरी गुणगुणत राहील याची तयारी ठेवा. पिकअप फळीला भोक पाडून बसवलेला असतो किंवा फळीला न टेकता मानेच्या टोकाला तरंगत ठेवलेला असतो. तरंगता पिकअप कोरीव फळीसाठी, ती मोकळी राहावी म्हणून. प्लायवर त्याचं विशेष काम नाही. उलट फळीत बसवलेल्या पिकअपचं वजन तिला आणखी थोपवतं आणि शिट्टी लांबवतं. ब्रिजजवळचा दुसरा पिकअप जॅझवाले क्वचितच उघडतात, त्यामुळे एकच पिकअप असलेली गिटार स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या.

बाजारात काय आहे

सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि तरीही खरोखर कामाची, म्हणजे आयबानेझची आर्टकोर मालिका. ती २००२ मध्ये आली आणि तेव्हापासून निम्म्या जगातल्या शिकाऊ जॅझवाल्यांची पहिली गिटार तीच. नावातली अक्षरं समजून घ्या: एएफ म्हणजे मोठ्या पोटाची पूर्ण पोकळ, एजी म्हणजे पोकळच पण आटोपशीर, एएस म्हणजे सेमी-हॉलो. हा घोळ अनेकांचा होतो. हवी असते एएफ आणि घरी येते एएस, कारण फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. एएफ५५ आणि एएफ७५ या दोन्ही जॅझसाठी पुरेशा आहेत. अंगभूत आवाज थोडा झाकलेला, पिकअप मध्यम, पण मान आणि फ्रेटांचं काम त्या किमतीला अनपेक्षित स्वच्छ.

एपिफोन ही मुळात न्यूयॉर्कची, ग्रीक स्थलांतरित घराण्याची कंपनी, एकेकाळची गिब्सनची कट्टर स्पर्धक. १९५७ मध्ये गिब्सनच्याच मालकांनी ती विकत घेतली. जो पासच्या नावाची तिची एम्परर टू मोठ्या पोटाची आहे आणि जुन्या बाजारात अधूनमधून दिसते. एपिफोननं काही वर्षं ईएस-१७५ सुद्धा काढली होती. ती वापरलेली आणि धड अवस्थेत मिळाली तर फार विचार करत बसू नका.

कॅनडाच्या गोडिनची फिफ्थ ॲव्हेन्यू किंगपिन ही वेगळी वल्ली. पोट कॅनडातल्या जंगली चेरीच्या प्लायचं, पिकअप पी-९०, दिसायला साधी, जुन्या फर्निचरसारखी. बिनअँपचीही बऱ्यापैकी बोलते, आणि आवाज चार्ली ख्रिश्चनच्या जमान्याकडे झुकणारा.

थोडं जास्त खर्चायची तयारी असेल तर ईस्टमनची एआर३७१. ईस्टमनच्या गिटारी बीजिंगच्या कारखान्यात बनतात, कंपनीची सुरुवात व्हायोलिनपासून झालेली, त्यामुळे फुगीर फळ्यांचं काम त्यांच्या हातात बसलेलं आहे. पण एआर३७१ त्यांनी मुद्दाम मेपलच्या प्लायची केली, कारण तिचा आदर्श १७५ आहे. आर्टकोरपेक्षा बरीच महाग, गिब्सनपेक्षा बरीच स्वस्त. या सगळ्यांतून एकच निवडायला सांगितलं आणि पैसे माझे नसले तर मी हीच घेईन. पैसे माझे असले तर एएफ७५ घेईन आणि उरलेल्यात तारा, सेटअप आणि अँप बघेन.

ग्रेच स्ट्रीमलायनर दिसायला इतकी देखणी की हात आपोआप जातो. पूर्ण पोकळही मिळते. पण तिचा स्वभाव चमकदार, टणटणीत. पन्नासच्या दशकातल्या रॉक-अँड-रोलला जास्त शोभणारा. डी'अँजेलिकोच्या प्रीमियर मालिकेचं नाव न्यूयॉर्कच्या जॉन डी'अँजेलिको या थोर कारागिरावरून आहे. ते १९६४ मध्ये गेले. आजच्या गिटारींत त्यांचं नाव आणि डोक्यावरची नक्षी आहे, हात नाही. वाईट नाहीत, पण नक्षीचे पैसे मोजतोय हे माहीत असलेलं बरं.

दुकानात किंवा कुणाच्या घरी जुनी बघताना

आपल्याकडे हॉलोबॉडी दुकानाच्या भिंतीवर क्वचित टांगलेली असते. बहुतेक वेळा मागवावीच लागते. तरी हातात आलीच तर आधी अँपला लावू नका. कोरडी वाजवा, प्रत्येक तारेवर, प्रत्येक फ्रेटवर एकेक सूर, घाई न करता. कुठे खर्र होतंय, कुठे सूर मेल्यासारखा दबतोय, ते असंच कळतं. बाजूनं नजर लावून मान सरळ आहे का बघा. ब्रिजखाली फळी खचलेली नाही ना, तेही बाजूनंच दिसतं. गिब्सनच्या चालीच्या गिटारींचं डोकं मानेशी मागे कललेलं असतं आणि गिटार पडली की तिथेच मोडतं, म्हणून नटच्या मागच्या बाजूला बारीक भेग किंवा पुन्हा रंगवल्याची खूण शोधा.

मग अँपला लावून सगळे नॉब हळूहळू फिरवा. खरखर झाली तर धूळ असेल, आवाज मधेच तुटला तर काम आहे. आणि पोकळ गिटारमध्ये ते काम फार चिकट असतं: आतल्या वायरी बदलायला मागून झाकण नसतं, सगळं एफ-होलमधून दोरीला बांधून बाहेर काढायचं आणि दोरीनंच परत जागेवर न्यायचं. कारागीर याचे पैसे जास्त घेतात आणि ते रास्त आहे.

खुळखुळ आली तर घाबरू नका. या गिटारींत सुटे भाग बरेच, टेलपीस, ब्रिजची चाकं, पिकगार्डचा दांडा. एकेकावर बोट ठेवून तोच सूर वाजवा. खुळखुळ थांबली की चोर सापडला. टेलपीसखाली फेल्टची चिंधी सरकवून मिटणारे आवाज मी पुष्कळ पाहिलेत.

तारा बदला, मग मत बनवा

नवी हॉलोबॉडी कारखान्यातून बहुधा बारीक, खरबरीत तारा लावून येते. त्या तारांवर तिची पारख करू नका. जॅझचा आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड तारा लावायच्या. साध्या तारेभोवती गोल वायर गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी. त्यामुळे बोट सरकताना सुईसुई आवाज येत नाही आणि वरची चमक आपोआप उतरते. डॅडारिओ क्रोम्स किंवा थोमास्टिकच्या जॅझ स्विंग, कुठल्याही चालतील. थोमास्टिक महाग पण बोटाला मऊ. जाडी १२ (इंचाचे बारा हजारांश) पासून सुरू होणारी घ्या, बोटं नवखी असतील तर ११. तिसरी तार साधी नसून गुंडाळलेली असते, त्याने कॉर्डचा मधला सूर ठळक ऐकू येतो. स्वस्त गिटारचं रूप एवढ्या एकाच खर्चात जितकं पालटतं, तितकं दुसऱ्या कशानंही पालटत नाही.

पण तारा जाडावल्या की नटच्या खाचा घासाव्या लागतात, मानेतल्या सळईचा ताण बदलावा लागतो. यालाच सेटअप म्हणतात. तानपुऱ्याची जवारी जशी जाणत्याकडूनच काढून घेतो, तसंच हे समजा आणि बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून दोन ते अडीच मिलिमीटर वर असेल तर हाताला बरी लागते.

ब्रिज चिकटवलेला नाही हे वर सांगितलं. त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो सहाही तारा एकदम काढल्यावर. ब्रिज टपकन पडला, फळीवर ओरखडा उठवून पलंगाखाली गेला, आणि परत कुठे बसवायचा याचा मला पत्ता नव्हता. तुम्ही एकेक तार बदला. तरीही तो हलला तर जागा शोधायची रीत अशी: नटपासून बारावा फ्रेट जितका दूर, बाराव्या फ्रेटपासून ब्रिज साधारण तितकाच दूर ठेवा. ६२८ च्या स्केलला हे अंतर ३१४ मिलिमीटर. मग बाराव्या फ्रेटवर तारेला हलकं बोट टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज किंचित टेलपीसकडे, उतरता असेल तर मानेकडे. जागा सापडली की दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून खूण करा. बऱ्याच स्वस्त गिटारींवर धातूचा ब्रिज असतो. त्याच्या जागी शिसवी किंवा एबनीचा लाकडी बसवला की आवाजातली उरलीसुरली झणझण जाते.

अँप आणि पाऊस

अँपचे पैसे सगळे गिटारमध्ये घालू नका. जॅझला अँप स्वच्छ लागतो, आवाज न फाटता वर जाणारा. जो पास पॉलिटोनचे छोटे अँप वापरायचा. आपल्याकडच्या सरावाच्या स्टुडिओंत रोलँडचा जॅझ कोरस उभा असतो, तोही छान चालतो. मानेजवळचा पिकअप, टोन नॉब निम्म्यावर, अँपचा बास जरा कमी. टोन पार शून्यावर नेऊन रजईतून बोलल्यासारखा आवाज काढायचा मोह नवशिक्यांना होतो; तो बँडमध्ये ऐकूच येत नाही. शिट्टी लागायला लागली तर आधी बास उतरवा, मग अँपकडे तोंड न करता बाजूला सरका, आणि तरीही ऐकत नसेल तर एफ-होलमध्ये स्पंजचा तुकडा बसवा. दिसतं वाईट, पण काम होतं.

प्लायचा शेवटचा फायदा कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो, तो कोकणात कळतो. सॉलिड लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. जुलैत रत्नागिरीत किंवा पणजीत फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. तीच गिटार मे महिन्यात नागपूरला नेली तर लाकूड आकसून भेग पडायची भीती. गिटारला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते, आणि आपल्याकडे वर्षातले किती दिवस ती तशी असते ते सांगायला नको. प्लायचे थर आडवेउभे असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. मान मात्र सॉलिडच असते, ती ऋतूबरोबर हलणार. वर्षातून दोनदा सळईला पाव फेरा द्यावा लागला तर ते बिघाडाचं लक्षण नाही. समुद्राकाठी टेलपीसचा मुलामा फोडासारखा उठतो, त्यासाठी वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवणं एवढंच करता येतं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ही गिटार दहा मिनिटंही ठेवू नका. आत सगळा सरसाचा कारभार आहे.

यातलं काहीच सध्या परवडत नसेल तर घरात जी इलेक्ट्रिक गिटार आहे तिच्यावरच सुरुवात करा. कॅनडाचा एड बिकर्ट अनेक वर्षं फेंडर टेलिकास्टरवर जॅझ वाजवत राहिला, आणि टेलिकास्टर म्हणजे भरीव फळी, पोटाचा पत्ताच नाही. मानेजवळ त्यानं हंबकर बसवून घेतला होता. त्याचं वाजवणं डोळे मिटून ऐकलं तर मोठ्या पोटाची गिटारच समोर येते. तुमच्या भरीव गिटारला अकराच्या फ्लॅट तारा लावा, टोन निम्म्यावर आणा. फक्त दहाच्या तारांसाठी कापलेल्या नटमध्ये त्या नीट बसतायत ना, तेवढं आधी बघून घ्या.